गॅरंटी, एएमसी आणि ‘दोन मिनिटांचं काम’

सकाळी ६.३०

चहाचं आधण ठेवलं की आधी मॉनिटरचं पान बघायचं. माझ्याकडे देखभालीला असलेल्या वेबसाइट चालू आहेत ना, हे एक सेवा दर पाच मिनिटांनी तपासते आणि एखादी पडली तर माझा फोन वाजवते. रात्री फोन वाजलेला नाही. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पावणेबाराचा निरोप आहेच : ‘ताई साइट ओपन होईना. अर्जंट बघा.’ देवगडचे आंबेवाले.

नोंदीत त्यांची साइट रात्रभर चालू दिसते. तो तक्ता जोडून मी लिहिते, ‘दादा, साइट चालू होती. तुमच्याकडचं नेट गेलं असेल, आता बघा.’ थोड्या वेळाने अंगठा येतो. विषय संपतो.

इतक्या शांतपणे संपतो, कारण ‘अर्जंट’ कशाला म्हणायचं ते आम्ही काम सुरू होण्याआधीच कागदावर ठरवलं आहे. साइट पूर्ण बंद असणं, ऑर्डरचे पैसे न जाणं आणि कोणीतरी साइटमध्ये घुसणं, या तीनच गोष्टी तातडीच्या. त्यांना रात्री-अपरात्री फोन चालतो. बाकी सगळं सोमवार ते शनिवार, दहा ते सहा, आणि लेखी. पुढे आणखी एक ओळ आहे : तातडीच्या तक्रारीला दोन तासांत प्रतिसाद. दोन तासांत बघायला सुरुवात करीन, एवढाच त्याचा अर्थ. दुरुस्तीची वेळ मी लिहून देत नाही. बिघाड होस्टिंगवाल्याकडे आहे, पेमेंट गेटवेकडे आहे की डोमेनमध्ये, हे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर माझा हुकूम चालत नाही.

सकाळी ७.३०

मंगळवार हा अपडेटचा वार. शनिवारी संध्याकाळी अपडेट करायचे नाहीत, कारण काही मोडलं तर रविवारी मदतीला कोणी भेटत नाही. क्रम ठरलेला आहे. आधी बॅकअप, मग साइटची चाचणीसाठी ठेवलेली प्रत, तिच्यावर अपडेट, मग हाताने तपासणी : चौकशीचा फॉर्म भरून बघायचा, एक खोटी ऑर्डर टाकायची, मोबाइलवर मेनू उघडायचा. सगळं चाललं तरच खऱ्या साइटला हात लावायचा. महिन्यातून एकदा एखादा बॅकअप उचलून तो दुसरीकडे उभा करूनही बघते. उभा राहत नसेल तर त्या बॅकअपचा उपयोग शून्य.

हे काम ग्राहकाला दिसत नाही, त्यामुळे पैसे कशाचे हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याला मी तारखा दाखवते. बहुतेक साइट पीएचपीवर चालतात. पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला ठरावीक आयुष्य असतं. आताच्या नियमाने दोन वर्षं सगळ्या दुरुस्त्या आणि पुढची दोन वर्षं फक्त सुरक्षेच्या. ७.४ ही आवृत्ती २८ नोव्हेंबर २०२२ ला संपली, ८.१ ची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला. त्या दिवसानंतर त्यात भोक सापडलं तरी मूळ प्रकल्पाकडून बुजवलं जात नाही. साइटची जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्रांचंही तसंच. त्यांची कमाल मुदत ३९८ दिवस होती. ब्राउझर आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १००, आणि २०२९ पासून ४७. नूतनीकरण आपोआप होतं हे खरं. पण ते झालं की नाही हे कोणीतरी बघावं लागतं.

यात माझ्या हातून काही चुकलेलं नसतं, ग्राहकाने काही बिघडवलेलं नसतं, तरी काम निघतं. माझा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे. माझ्या कामातला दोष माझ्या खर्चाने दुरुस्त करणं ही गॅरंटी. काळ पुढे गेल्यामुळे जे करावं लागतं ती देखभाल, म्हणजे एएमसी. लिफ्टची, वॉटर प्युरिफायरची, टॅलीची एएमसी भरणारा माणूस वेबसाइटच्या बाबतीत मात्र दोन्ही एकाच खिशात घालू बघतो.

सकाळी ९.३०

तक्रारींची चाळणी. मेलवर आलेली प्रत्येक गोष्ट चारपैकी एका खान्यात जाते : माझा दोष, नवीन मागणी, बाहेरचा बदल, किंवा नुसता प्रश्न. खाना ठरला की पैसे कोणाचे तेही ठरतं, म्हणून हे काम मी सकाळी, डोकं ताजं असताना करते.

पहिली तक्रार एका पंप बनवणाऱ्या कारखान्याची. चौकशीच्या फॉर्ममध्ये जर्मनीचा फोन नंबर घेतला जात नाही. कामाच्या यादीत ‘परदेशी ग्राहकांसाठी चौकशी फॉर्म’ असं स्पष्ट लिहिलं आहे, साइट सुरू होऊन महिना झाला आहे. दोष माझा, दुरुस्ती फुकट, आजच. इथे घासाघीस करायची नाही. गॅरंटी दिली की ती कुरकुर न करता पाळायची, तरच उरलेल्या तीन खान्यांचे पैसे मागायला तोंड राहतं.

दुसरी पन्हाळ्याच्या होमस्टेची : साइटवर इन्स्टाग्रामचे जुनेच फोटो दिसतात. ज्या जोडणीतून ते यायचे ती इन्स्टाग्रामने ४ डिसेंबर २०२४ ला बंद केली. बाहेरचा बदल. नवी जोडणी करता येईल, त्याचा खर्च अमुक, करायची का ते कळवा.

तिसरी एका बेदाणा व्यापाऱ्याची : साइटवरून येणाऱ्या चौकश्या स्पॅममध्ये पडतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मेल पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याचे नियम कडक केले. डोमेनच्या नोंदींत एसपीएफ, डीकेआयएम नीट नसेल तर मेलवर संशय घेतला जातो. यांचं डोमेन सांभाळतात त्यांचे भाचे. हाही बाहेरचा बदल. मी नोंदी लिहून देते, त्या त्यांनी भाच्याकडून टाकून घ्यायच्या.

गुगलच्या नकाशांनी २०१८ मध्ये बिलिंग खातं सक्तीचं केलं तेव्हा कितीतरी साइटवरचा नकाशा काळवंडून त्यावर ‘फक्त विकासासाठी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं उमटली होती. ती साइट कोणी बांधली होती याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. करारात म्हणूनच एक वाक्य असतं : तिसऱ्या पक्षाच्या सेवा बदलल्या, महागल्या किंवा बंद पडल्या तर ते गॅरंटीत येत नाही.

सकाळी ११.००

कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. तावडे हॉटेलचा चौक सोडून पंचगंगेचा पूल ओलांडला की भट्ट्यांचा वास येतो. फाउंड्रीच्या मालकांना नवीन साइट करायची आहे. निर्यातीची चौकशी तिच्यावरून यावी ही अपेक्षा. पैशाचं गेल्या खेपेला बोलणं झालं आहे, आज अटी. ऑफिसच्या टेबलावर एका बाजूला कास्टिंगचे नमुने, दुसऱ्या बाजूला माझा चार पानी मसुदा.

“मॅडम, गॅरंटी फक्त साठ दिवस? हे काय लिहिलंय! आधीच्या मुलाने लाइफटाइम दिली होती.”

“तो आता काय करतो?”

“पुण्याला नोकरीला लागला.”

“बरं. तुम्ही कास्टिंगला गॅरंटी कशी देता?”

“कास्टिंगचं वेगळं. मशीनिंग करताना आत ब्लोहोल निघाला, वाळू निघाली, तर आमचं रिजेक्शन. डेबिट नोट येते, आम्ही दुसरा पीस देतो.”

“आणि त्यांनी ड्रॉइंगच बदललं तर?”

“मग पॅटर्न नवीन. त्याचे पैसे वेगळे.”

“त्यांच्या ऑपरेटरने पीस वाकडा बांधला आणि टूल घुसलं तर?”

“त्याला आम्ही काय करणार?”

“पण पीस तुमचाच, आणि तुम्ही दिला तेव्हा धड होता, हे कसं कळतं?”

त्यांनी टेबलावरचं कास्टिंग उचलून उलटं केलं आणि त्यावरच्या उठावाच्या आकड्यावर बोट ठेवलं. “हीट नंबर असतो की. कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीचं, त्या धातूचा रिपोर्ट काय, सगळं निघतं.”

मग मसुदा वाचायला फार वेळ लागला नाही. त्यांचं ड्रॉइंग ती माझी कामाची यादी : कोणती पानं, कोणते फॉर्म, किती भाषा, कोणत्या ब्राउझरच्या शेवटच्या दोन आवृत्त्यांवर चाललं पाहिजे. यादीत लिहिलेलं आणि तसं न चालणारं, तोच दोष. यादीत नसलेलं, ते नवीन पॅटर्न. हीट नंबरच्या जागी, साइट सुपूर्द करताना कोडची एक शिक्का मारलेली प्रत गिटमध्ये ठेवते. नंतर कोणी काय बदललं ते त्या प्रतीशी ताडून ओळ न् ओळ दिसतं. दुसऱ्याने हात लावला म्हणून सगळी गॅरंटी रद्द, असं मी लिहीत नाही. ते अन्यायाचं होतं. त्याने जो भाग बदलला, तेवढ्यापुरतीच माझी जबाबदारी संपते.

साठ दिवस कधीपासून, हा खरा वादाचा मुद्दा. साइट तयार होते आणि ‘फोटो अजून यायचेत’ म्हणून चार-चार महिने पडून राहते. तोवर गॅरंटी सुरूच झाली नाही, तर माझं काम संपतच नाही. म्हणून अशी रचना : सुपूर्द केल्यावर दहा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं समजायचं, साइट सुरू झाल्याचा दिवस किंवा स्वीकारल्यानंतरचा पंधरावा दिवस, यांतला जो आधी येईल तिथून साठ दिवस मोजायचे. साठच का? चौकशीचा फॉर्म, ऑर्डर, मेल, शोध, मोबाइल, हे सगळं दोन महिन्यांच्या खऱ्या वापरात एकदा तरी चालून जातं. माझ्या हातचा दोष त्यात बाहेर पडतोच.

“आमचे गिऱ्हाईक शेवटचे दहा टक्के धरून ठेवतात,” ते म्हणाले. मी पाच टक्क्यांना तयार झाले, फक्त ‘समाधान झाल्यावर’ हे शब्द खोडून तिथे तारीख घातली. समाधानाला तारीख नसते. शिवाय त्यांच्या छापील परचेस ऑर्डरच्या मागे बारीक अक्षरांत उशिराचा दंड आणि बरंच काही असतं; ते कास्टिंग विकत घेताना ठीक. या कामापुरता दोघांनी सही केलेला करारच लागू, परचेस ऑर्डरवरच्या छापील अटी लागू नाहीत, अशी एक ओळ वाढवली. ती नसेल तर पुढे दोन कागद दोन गोष्टी सांगतात आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

दुपारी २.००

घरी येऊन भाकरी-आमटी, आणि मग करार पक्का करायला बसते. ऑफिसात ठरलेलं त्याच दिवशी कागदावर यावं. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही आठवणी आपापल्या सोयीने बदललेल्या असतात.

कोडच्या मालकीचं कलम या व्यवहारात सगळ्यात दुर्लक्षित राहतं. पैसे दिले म्हणजे कोड माझा, असं ग्राहकाला वाटतं. कॉपीराइट कायदा १९५७ तसं म्हणत नाही. नोकराने नोकरीत केलेलं काम सहसा मालकाचं. पण बाहेरून काम करणाऱ्या स्वतंत्र माणसाने लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, त्याचाच राहतो. तो हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कलम १९ प्रमाणे त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. जर्मनीला माल पाठवणाऱ्या कारखान्यासाठी हे किती अपुरं आहे ते सांगायला नको. मी स्पष्ट लिहिते : पूर्ण रक्कम मिळाल्यावर, माझ्या हातचा कोड, कायमचा, सर्व जगासाठी त्यांचा.

‘माझ्या हातचा’ हे शब्द विचार करून घातलेले आहेत. साइटचा मोठा भाग मी लिहिलेला नसतो. वर्डप्रेस २००३ पासून जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं आहे आणि ते ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं, त्यातच लिहिलं आहे की याला कसलीही हमी नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांनी जी हमी दिली नाही, ती मी त्यांच्या वतीने कशी देणार? मी हमी देते ती माझ्या कोडची आणि मी केलेल्या जोडणीची : हे भाग मी निवडले, बसवले आणि सुपूर्द करायच्या दिवशी ते एकत्र चालत होते.

शेवटी आपत्तीचं कलम. कोल्हापुरात हे कलम शोभेचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. अशा वेळी वीज, नेट आणि माणूस यांपैकी काहीच हाताशी नसू शकतं. म्हणून माझ्या प्रत्येक करारात दुसऱ्या गावातल्या एका सहकाऱ्याचं नाव आणि नंबर असतो. मी आजारी पडले, प्रवासात असले, पाण्यात अडकले, तर तातडीचं काम तो बघेल. त्याच्या करारांत माझं नाव असतं. एकट्याने काम करणाऱ्याने सपोर्ट द्यायचा तर हे ठरवावंच लागतं. ग्राहकही एवढं विचारायला कचरत नाही : “मॅडम, उद्या तुम्हाला काही झालं तर?” प्रश्न रास्त आहे.

दुपारी ३.३०

डॉक्टरांचा फोन. “अगं, फक्त फोन नंबर बदलायचाय. दोन मिनिटांचं काम आहे.”

दोन मिनिटांचं काम असं असतं. नंबर तळपट्टीत आहे, संपर्काच्या पानावर आहे, दोन ठिकाणी चित्रात कोरलेला आहे. मोबाइलवर बोट लावलं की फोन लागतो त्या दुव्यात तो देशाच्या कोडसकट आहे, व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणामागे आणखी वेगळ्या तऱ्हेने. सर्च इंजिनसाठी पानात दडवलेल्या माहितीत आहे. अपॉइंटमेंट घेतल्यावर पेशंटला आपोआप जाणाऱ्या एसएमएसमध्ये आहे, आणि त्या एसएमएसचा मजकूर ट्रायच्या नियमाप्रमाणे डीएलटी या नोंदणी-यंत्रणेवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नंबर बदलायचा तर नवा मजकूर मंजुरीला. गुगलवरच्या दवाखान्याच्या पाटीवर जुना नंबर तसाच. हे सगळं बदलून, कॅश रिकामी करून, तीन मोबाइलवर तपासून पाऊण तास जातो, एसएमएसच्या मंजुरीची वाट पाहण्याचा वेळ धरला नाही तरी.

डॉक्टरांची एएमसी आहे, महिन्याचे ठरलेले तास आहेत. पंधरा-पंधरा मिनिटांच्या घासांत मी वेळ टिपते. तीन घास लिहिले. न वापरलेले तास पुढच्या एका महिन्यापर्यंत चालतात, त्यापुढे नाही. साठवू दिले तर मार्चअखेरीस एकदम नवीन साइटच मागितली जाते. महिन्याच्या शेवटी अर्ध्या पानाचा हिशेब जातो : कोणते अपडेट केले, कोणते बदल केले, किती वेळ गेला, किती उरला. ज्या महिन्यात ग्राहकाने एकही फोन केला नाही त्या महिन्यात हा कागद जास्त महत्त्वाचा, कारण काहीच घडलं नाही यामागेही काम होतं, हे त्याला तिथेच दिसतं.

एएमसीची रक्कम मी बांधणीच्या रकमेच्या पंधरा ते वीस टक्के ठेवते, वर्षाची आगाऊ. नको असेल त्याला आग्रह नाही. मग काम निघेल तेव्हा तासाच्या दराने, रांगेतला नंबर येईल तेव्हा. ‘नको’ हेसुद्धा मेलवर लिहून घेते.

दुपारी ४.३०

लंडनमध्ये सकाळचे अकरा. तिथल्या एका डिझाइन एजन्सीचं काम मी करते. ग्राहक त्यांचे, कोड माझा. त्यांनी पाठवलेल्या छापील करारात दोन वाक्यं अडतात. एक, साइट ‘हेतूला योग्य’ असल्याची हमी. दुसरं, कोणत्याही नुकसानीची अमर्याद भरपाई. त्यांच्याच १९८२ च्या वस्तू व सेवा पुरवठा कायद्यात सेवा देणाऱ्याकडून वाजवी काळजी आणि कौशल्य अपेक्षित धरलं आहे. मी म्हणते, तेवढं मी आनंदाने लिहून देते. साइटवरून विक्री वाढेल की नाही हा हेतू माझ्या हातात नाही. भरपाईला मर्यादा : या कामाचे मला मिळालेले पैसे, त्याहून अधिक नाही. फारसा वाद होत नाही. अमर्याद शब्द पुष्कळदा वकिलाच्या नमुन्यातून आलेला असतो आणि विचारलं की पलीकडचा माणूसही तो सोडून देतो. न विचारता सही करणारा मात्र घरदार टांगून ठेवतो.

संध्याकाळी ५.१५

देवगडच्या दादांना मी फोन लावते, कारण सीझन तोंडावर आहे. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यांच्या पेट्यांची नोंदणी जोरात असते, मेअखेर सगळं आटोपतं. या दिवसांत रविवारी सकाळी पेमेंट अडकलं तर ‘सोमवारी दहाला बघते’ म्हणणं बरोबर नाही. म्हणून त्यांच्यासाठी सीझनचा वेगळा सपोर्ट : आठवड्याचे सातही दिवस, सकाळी सात ते रात्री दहा, त्याची रक्कम वेगळी, सीझन सुरू होण्याआधी एक पूर्ण तपासणी, आणि त्या काळात साइटमध्ये नवा कोणताही बदल नाही.

इथे कायद्याचं एक बारीक कलम लक्षात ठेवावं लागतं. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७३. करार मोडल्यावर भरपाई मिळते ती त्यातून सहज होणाऱ्या नुकसानीची, किंवा करार करताना दोघांनाही ठाऊक असलेल्या संभाव्य नुकसानीची. दूरच्या, आडवळणाच्या नुकसानीची नाही. पण पाडवा ते मे हेच त्यांचं वर्ष आहे हे मला ठाऊक आहे, मी त्यासाठी वेगळे पैसे घेते आहे. उद्या साइट पडली तर ‘मला काय माहीत’ म्हणायची सोय राहत नाही. त्यामुळे जबाबदारीची कमाल रक्कम याच करारात सर्वांत ठळक लिहावी लागते, आणि दादांना ती फोनवर वाचूनही दाखवावी लागते. “म्हणजे ताई, साइट पडली तर?” “मी पळत येईन. पण पेट्यांचे पैसे भरून देऊ शकणार नाही. म्हणून ऑर्डरचा फोन नंबरही साइटवर ठळक ठेवूया आणि एक साधा फॉर्म वेगळ्या ठिकाणी तयार ठेवूया.” त्यांना कलमापेक्षा हा फॉर्म जास्त पटतो, आणि ते योग्यच आहे.

संध्याकाळी ७.००

सपोर्टची वेळ संपली आहे, पण भेटायला चपलांच्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या आहेत. साइट दुसऱ्याने केलेली, त्याचा पत्ता नाही, साइटवर जुगाराच्या जाहिराती दिसायला लागल्यात. “तुम्ही गॅरंटी घ्या, मी एएमसी भरते.”

दुसऱ्याच्या कोडची गॅरंटी मी घेत नाही. आधी तपासणी, तिचे पैसे वेगळे, तिचा लेखी अहवाल. तो घेऊन त्या दुसऱ्या कोणाकडेही जाऊ शकतात. वरवर बघितलं तरी दोन गोष्टी दिसतात. थीम विकतची आहे पण चोरीची प्रत वापरली आहे, आणि अशा प्रतींत घुसखोरीचा कोड बसवलेला असतो, हे नेहमीचं दुखणं. ती काढून अधिकृत घेतल्याशिवाय मी हात लावणार नाही. त्याहून वाईट दुसरी : डोमेन त्या मुलाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर नोंदलेलं आहे. दुकान यांचं, साइटचा पत्ता कायद्याच्या दृष्टीने त्याचा. आधी त्याला शोधा, गोडीने बोला, डोमेन तुमच्या नावावर करून घ्या, बाकीचं नंतर.

त्या गेल्यावर मी माझ्या सुपूर्द-यादीवर परत नजर टाकते. डोमेन आणि होस्टिंग ग्राहकाच्या नावाने, त्याच्या ईमेलवर, त्याच्या कार्डावर. सगळे पासवर्ड एका बंद फाइलमध्ये. विकतच्या प्लगइनच्या पावत्या. कोडची प्रत. साइट कशी वापरायची त्याची छोटी चित्रफीत. माझ्यावाचून त्याचं अडू नये इतकं त्याच्या हातात देऊन मगच एएमसीचा विषय काढायचा. अडवून मिळवलेली एएमसी पहिल्या संधीला तुटते.

रात्री ९.००

बिलं. अटी कितीही सुबक असल्या तरी पैसे वेळेवर येण्याची अट सगळ्यांच्या पुढे चालते. गॅरंटी सुरू राहील ती हप्ते वेळेवर आले तर, हे करारात आहे. उद्यम नोंदणी आहे, बिलावर तिचा क्रमांक छापलेला आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदतही ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. हे व्याज मागायची वेळ क्वचित येते. स्मरणपत्राच्या खाली ते एक वाक्य टाकलं की बहुतेक अकाउंट विभागांना बिल सापडतं.

शेवटचं काम म्हणजे फाउंड्रीला कराराची पक्की प्रत पाठवणं. उद्या सही, परवा आगाऊ रक्कम, त्यानंतर कोडची पहिली ओळ.

वेबसाइट करून घेणार असाल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी चार गोष्टी लेखी मागा : गॅरंटी कशाची आणि किती दिवस, त्यानंतरच्या देखभालीचा दर, डोमेन आणि कोड कोणाच्या नावावर, आणि करणारा हाताशी नसेल तर फोन कोणाला करायचा. आणि साइट करणारे असाल, तर कोणी मागायची वाट न बघता या चार गोष्टी आधीच लिहून द्या. ‘लाइफटाइम फ्री सपोर्ट’ देणाऱ्यापासून दोघांनीही लांब राहा.